अजून मुरलं नाही

आमच्या रुपराव भाऊजींबद्दल कोणी चांगलं बोललं की मला आधी राग येतो, आणि कोणी वाईट बोललं तर त्याहून जास्त येतो. सख्खा दीर आहे. लग्न होऊन मी नागपुरात लकडगंजात आले तेव्हापासून त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. तिकडे भांडं पडलं तर इकडे मांजर दचकते. तेव्हा या माणसाबद्दल मी जे सांगेन ते ऐकीव नाही.

भाऊजी आरा मशीनवर होते. आमच्याकडे लाकूड चिरायच्या गिरणीला आरा मशीनच म्हणतात. तिथं त्यांचं काम चिरायचं नव्हतं, ठरवायचं होतं. ट्रकातून सागवान उतरलं की कुठला ओंडका आज चिरायचा आणि कुठला सावलीत रचून ठेवायचा, हे ते सांगायचे. बहुतेक सगळाच माल ते ठेवायला सांगायचे. ओलं लाकूड चिरलं की दार वाकतं, खिडकी लागत नाही, गिऱ्हाईक शिव्या देतं. हे खरंच आहे. पण माणसानं लाकडाची अक्कल लाकडापुरती ठेवावी. भाऊजींनी ती सगळ्या संसाराला लावली.

नवा सदरा आणला की ठेवून द्या, कामात येईल. माझ्या माहेरून त्यांना आमच्या लग्नात धोतरजोडी आली होती, बारीक सुताची, काठाची. ती त्यांनी ट्रंकेत घातली. आमच्या मोठ्याच्या मुंजीला काढली तर घडीघडीवर फाटलेली. टॉर्च होता, त्याचे सेल जपून ठेवायचे, शेवटी सेल पाझरून टॉर्चच गेला. बुंदीचे लाडू आले की एक खायचा आणि बाकीचे डब्यात, आणि मग एक दिवस डबा उघडला की मुंग्यांचं लग्न लागलेलं. मी म्हणायची, भाऊजी, तुम्ही मेल्यावर चित्रगुप्तालाही थांबवून ठेवाल. त्यावर ते म्हणायचे, पाहू.

हा ‘पाहू’ त्यांचा मोठा शब्द. वस्तूंचं एक वेळ सोडा, बोलणंसुद्धा ते ठेवूनच द्यायचे. लग्नाआधी रामटेककडे मुलगी पाहायला गेले होते. परतताना माझ्या सासऱ्यांनी विचारलं, कशी वाटली. भाऊजी म्हणाले, पाहू. सासऱ्यांना मुलाचा स्वभाव ठाऊक, त्यांनी सुपारी फोडून टाकली. लग्न झालं, सत्यवती घरात आली, तीन-चार महिने उलटले. एका सकाळी आमचे हे आणि भाऊजी जेवायला बसले होते, तेव्हा भाऊजी घास हातात धरून म्हणाले, “मुलगी चांगली आहे.” आमच्या ह्यांनी विचारलं, “कोणती?” उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्याकडच्या नवऱ्याचं बाशिंग पेटीत होतं.

सत्यवतीला हे मी त्याच दुपारी सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या हातातलं सूप पडलं. तशी ती होतीच हसरी. बोलायला चटपटीत, कामाला वारं. तिच्या तोंडावर मी कधी कौतुक केलं नाही, कारण जाऊ लागते, पण तिच्यासारखी बाई मी पुन्हा पाहिली नाही. तिला भाऊजींच्या ‘पाहू’चा त्रास कसा होत नाही याचं मला नवल वाटायचं. एकदा विचारलंही. ती म्हणाली, ते बोलत नाहीत पण त्यांच्या मनात असते. मी म्हटलं, मनातलं कोणाच्या कामाचं वं? तर पुन्हा हसली.

तिच्या हातचं एक काम मात्र सगळ्या गल्लीत नावाजलेलं होतं. मिठातली लिंबं. चैत्रात इतवारीतून पातळ सालीची, पिवळीधमक लिंबं आणायची, कोरड्या फडक्यानं एकेक पुसायची, चार चिरा द्यायच्या पण फोडी वेगळ्या होऊ द्यायच्या नाहीत, आत खडेमीठ दाबून भरायचं. ना तेल, ना मिरची. बरणीला दादरा बांधून नागपूरच्या उन्हात ठेवायचं आणि रोज एकदा हलवायचं. आमचं ऊन तसं कोणाच्या उपयोगाचं नाही, पण लिंबाला चांगलं. पहिल्या वर्षी ते लिंबू कडू लागतं. दुसऱ्या वर्षी खारट. तिसऱ्या वर्षी साल विरघळते, रंग गुळासारखा काळा होतो, आणि मग आजारी माणसाच्या जिभेवर एक फोड ठेवली की गेलेली चव परत येते. बाळंतिणीला द्या, तापातून उठलेल्याला द्या.

पासष्ट साली तिनं मोठी बरणी घातली. चंद्रभान, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा पाचेक वर्षांचा होता. बरणीला हात लावायला धावायचा. सत्यवतीनं सगळ्यांना बजावलं की तीन उन्हाळे होईतोवर या बरणीला कोणी शिवलं तर माझ्याशी गाठ आहे. भाऊजींना म्हणाली, तुम्ही राखण करा. आता भाऊजींना आयुष्यात असा हुकूम कोणी दिला नव्हता. ते तर फुलूनच गेले. आरा मशीनवरून सागवानाचे तुकडे आणून त्यांनी बरणीसाठी पेटी केली, पेटीत भुसा भरला, आणि ऊन उतरलं की त्या भुशात बरणी गळ्यापर्यंत पुरून ठेवायचे, म्हणजे धक्का लागायला नको आणि ऊबही धरून राहील. मी म्हटलं, भाऊजी, एवढी काळजी बायकोची घ्या. ते म्हणाले, वहिनी, हे बायकोचंच आहे.

सहासष्टच्या श्रावणात सत्यवती टायफाईडनं पडली.

ताप उतरला तेव्हा सगळ्यांना वाटलं की सुटलो. पण तिच्या तोंडाची चव पार गेली होती. पेज दिली की थुंकायची, मऊ भात दिला की तोंड फिरवायची. मी उशाशी बसून चमच्यानं भरवत होते. भाऊजी पायथ्याशी बसले होते. सत्यवती म्हणाली, “ते लिंबू द्या ना जरासं.”

भाऊजी म्हणाले, “अजून मुरलं नाही. एक उन्हाळा राहिला. थोडी थांब.”

त्यांनी ते चिंगूसपणानं म्हटलं नाही, हे मी देवासमोर सांगेन. कच्चं लिंबू आजारी पोटाला बाधेल अशी त्यांना खरंच भीती होती, आणि राखण करा असं तीच म्हणाली होती. तीसुद्धा हसली. म्हणाली, माझंच मले सांगता का. आणि डोळे मिटून पडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताप चढला आणि ती गेली.

डॉक्टर म्हणाले, आतड्याला जखम होती. लिंबानं काही झालं नसतं. मला कळतं ते. भाऊजींनाही कळत होतं. पण कळून काय करता? ती जाण्याआधी तिनं काय मागितलं आणि काय मिळालं, हे त्या खोलीतल्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि आम्ही दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. पंधरा वर्षं नाही बोललो.

पुढच्या उन्हाळ्यात, तिसरा उन्हाळा सरल्यावर, त्यांनी बरणी उघडली. भिंतीपलीकडे मला वास आला. त्यांनी स्वतः चव घेतली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पण त्या दिवसापासून गल्लीत कोणी आजारी पडलं की भाऊजी वाटीत लिंबाची फोड घेऊन हजर. बोलावणं लागायचं नाही. या माणसानं आयुष्यात कुठं वेळेवर पाय ठेवला असेल तर तो आजाऱ्याच्या उंबऱ्यावर. कोपऱ्यावरच्या सुताराचा पाय मोडला तेव्हाही लिंबू गेलं. सुतार म्हणाला, भाऊ, माझ्या तोंडाला चव आहे, पायाचं काही असेल तर पहा. भाऊजी म्हणाले, खाऊन घे.

मला मलेरिया झाला तेव्हा मलाही अर्धं लिंबू मिळालं. काय सांगू त्याची चव. एक फोड खाल्ली आणि त्याच दिवशी दोन भाकरी जेवले. उरलेली फोड काही माझ्यानं खाववली नाही. म्हटलं, सत्यवतीच्या हातची आहे, असू द्यावी. एका काचेच्या लहान बाटलीत मीठ घालून त्यात ती दडपली आणि देवाच्या मागं ठेवून दिली. दुसऱ्याला नावं ठेवता ठेवता या घरचं वारं मलाही लागलं होतं, दुसरं काय.

असं करता करता बरणी तळाला आली. एक्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात चंद्रभानचं लग्न झालं आणि उमरेडकडची गोपिका सून म्हणून आली, तेव्हा बरणीत खाली डांबरासारखा काळा रस आणि त्यात बुडालेली शेवटची चार-पाच लिंबं, एवढंच होतं. वरून मिठाचा थर चढून बरणी बाहेरूनही खडबडीत झाली होती. अनोळखी माणसाला ते लोणचं आहे असं वाटलंही नसतं.

गोपिका गुणाची पोर होती. तिला एकच खोड, स्वच्छतेची. आल्याबरोबर तिनं घरातलं पंधरा वर्षांचं जाळं-जळमट काढलं, स्वयंपाकघराच्या भिंती घासल्या, भाऊजींच्या जपून ठेवलेल्या सुतळ्यांची गाठोडी मोरीखालून काढून नीट बांधून माळ्यावर टाकली. भाऊजी काही बोलले नाहीत. मला वाटतं त्यांना आवडलं होतं. पण ते सांगायला अजून वेळ होता.

तिच्या अंगाची हळद उतरायच्या आधीच मी भाऊजींना म्हटलं होतं की पोरीला बरणीचं सांगून ठेवा. ते म्हणाले, नवीन आहे, सांगू सावकाश. आषाढात, आखाडीला, पुन्हा म्हटलं. म्हणाले, पाहू. पोळ्याला मी म्हटलं, तुम्ही सांगत नाही तर मी सांगते. तर पहिल्यांदा जरा आवाज चढवून म्हणाले की नाही वहिनी, ते माझं मीच सांगीन. मग मी गप्प बसले. त्यांचं होतं, त्यांनीच सांगायला पाहिजे होतं. आणि चंद्रभान? आईवेगळा वाढलेला, बापासारखाच. त्याला ती बरणी म्हणजे बाबांचं औषध, यापलीकडे ठाऊक नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं.

दिवाळी आली. पहिला दिवाळसण. गोपिकेचा भाऊ ताराचंद तिला न्यायला येणार होता. माहेरी जाण्याआधी सासरचं घर लख्ख करून जावं म्हणून पोरीनं पदर खोचला. मी दुपारी चकलीचं पीठ द्यायला गेले तर अंगणाच्या भिंतीवर बरणी पालथी घातलेली. पांढरी, वर तपकिरी पट्टा. मी तर विसरूनच गेले होते की तिला पट्टा आहे.

गोपिका हात पुसत बाहेर आली. आमच्याकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामाजी. म्हणाली, पहा आत्याबाई, कशी निघाली. चिंचेनं आणि राखेनं घासली. आत काहीतरी सडून डांबर झालं होतं, नालीत ओतलं, तर तोंड घालायला आलेली गायसुद्धा परत गेली.

मी तिथंच पायरीवर बसले. मग तिला सगळं सांगितलं. सत्यवतीचं, तीन उन्हाळ्यांचं, गल्लीतल्या आजाऱ्यांचं. लिंबू मागितल्याचं आणि न दिल्याचंही सांगितलं. ते पंधरा वर्षांत मी पहिल्यांदा कोणाजवळ बोलले. पोर ऐकता ऐकता पांढरी पडली. उठून नालीकडे धावली. पण पुढच्या घरच्यांचं धुणं चाललं होतं, साबणाचं पाणी धो धो वाहत होतं. तिथं आता काय असणार? तरी ती वाकून पाहत राहिली.

संध्याकाळी भाऊजी आले. पाय धुतले, भिंतीकडे पाहिलं. बरणी उतरवली, आत पाहिलं. मी भिंतीआडून सगळं पाहत होते. मला वाटलं, आता काहीतरी होणार. त्यांनी ती रिकामी बरणी आत नेली, पेटीतल्या भुशात गळ्यापर्यंत पुरली, झाकण लावलं आणि पाटावर जेवायला बसले. गोपिका पदर घेऊन समोर उभी होती. म्हणाली, मामाजी, माझ्याकडून… तेवढंच तिला बोलता आलं. भाऊजी म्हणाले, “पाहू.”

आता आम्हाला सवय. आमच्यासाठी ‘पाहू’ म्हणजे पंख्याचा आवाज. पण त्या पोरीला काय वाटलं असेल? तिला वाटलं, सासऱ्यानं आपला निकाल राखून ठेवला.

ती जेवली नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशीही नाही. स्वयंपाक करायची, दोघांना वाढायची, आणि मी नंतर बसते म्हणून ताट झाकून ठेवायची. चंद्रभानला मी बाहेर गाठून विचारलं की तुझी बायको उपाशी आहे, तुला काही कळते का. तो म्हणाला, मोठी आई, बाबा बोलतील ना तिच्याशी, आठ-पंधरा दिवसांत. त्याच्या थोबाडीत द्यावी असं मनात आलं. पण लग्न झालेला मुलगा, हात आवरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताराचंद येणार होता. मी गोपिकेकडे गेले तर ती ट्रंक भरत होती. साड्या घातल्या, ठीक. माहेरचा तांब्या घातला, तोही ठीक म्हणू. मग तिनं रजई घडी करून दोरीनं बांधायला घेतली. दिवाळीला चार दिवस जाणारी पोरगी रजई नेत नाही. मी दार लोटलं आणि म्हटलं, काय करून राहिली वं?

ती म्हणाली, “मी परत नाही येणार, आत्याबाई. ते रागावले असते, मारलं असतं तरी चाललं असतं. पण ते काहीच बोलत नाहीत. त्यांच्यापुढे रोज ताट घेऊन कशी उभी राहू?”

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. ठरवून झालेलं होतं. आणि उपाशी माणसाचं ठरलेलं लवकर मोडत नाही, हे मला ठाऊक आहे.

मी तरातरा भाऊजींकडे गेले. सुट्टी होती, ते अंगणात बाजेवर बसून लाकडावर खुणा करायच्या पेन्सिलीला टोक काढत होते. मी म्हटलं, सून चालली आहे तुमची, कायमची. ते म्हणाले, कायमची काहून? दिवाळी होऊन येईल, मग बोलतो. आत्ता घाबरली आहे, जरा निवू द्या.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी घरी गेले, देव बाजूला सारले आणि ती काचेची बाटली घेऊन आले. त्यांच्यापुढे बाजेवर आपटली म्हटलं तरी चालेल. म्हटलं, घ्या. सत्यवतीच्या हातची जगात एवढी एकच फोड उरली. तुमच्या पेटीत जागा रिकामी झालीच आहे, ठेवून द्या आता हीही.

भाऊजींनी बाटली उचलली. झाकण जाम झालं होतं, धोतराच्या सोग्यानं धरून फिरवलं. वास घेतला.  मग जे बोलले ते नेहमीचं नव्हतं.

“वहिनी, ती मागाहून काही बोलली होती का तुमच्याजवळ? माझ्याबद्दल?”

पंधरा वर्षं हा प्रश्न त्यांनी भुशात पुरून ठेवला होता. मला एकदम गलबलून आलं, आणि त्यानंच राग आणखी वाढला.

“काही नाही बोलली. हसली होती, तुम्ही पाहिलं आहे. पण भाऊजी, तिनं मागितलं तेव्हा द्यायचं होतं. कच्चं तर कच्चं.”

ते म्हणाले, हो. एवढंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, तेही नंतर पाहू असं वाटलं असावं. माझ्याच्यानं तिथं उभं राहवेना. पण जाताही येईना, कारण तेवढ्यात दाराशी सायकल रिक्षाची घंटी वाजली आणि ताराचंद उतरला.

ताराचंद बिचारा साधा माणूस. त्याला काही माहीत नव्हतं. पाया पडला, चहा घेतला, शेतात कापूस कसा आहे ते चंद्रभानला सांगत बसला. बस चुकायला नको म्हणून रिक्षा थांबवून ठेवली होती. ट्रंक रिक्षावर चढली. ट्रंकेवर रजई बांधली. गोपिका देवाला नमस्कार करून आली, मला वाकली, मग भाऊजींना वाकायला अंगणात आली. भाऊजी बाजेवर नव्हते.

ते आत गेले होते. पेटीचं झाकण वाजलं, मी ऐकलं.  म्हटलं, ठेवली. ठेवलीच शेवटी या माणसानं. याला देवही सुधारू शकणार नाही.

भाऊजी बाहेर आले ते सरळ रिक्षाकडे गेले. रजईची दोरी सोडायला लागले. गाठ घट्ट होती, दातानं सोडली. रजई खांद्यावर टाकून परत आले आणि सुनेला म्हणाले, “चार दिवसांले रजई काहून पाहिजे वं? थंडी इथंच काढायची आहे तुले.”

गोपिका पाहतच राहिली. चंद्रभानही. मी तर आयुष्यात त्यांना एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

ते तिला म्हणाले, बरणी पेटीतून काढून ठेवली आहे, उन्हात ठेव, चैत्रात तुलेच भरायची आहे. आणि मग विचारलं, भात आहे का? तिनं मान हलवली. सकाळचा होता, झाकून ठेवलेला, तिनं न खाल्लेला. भाऊजींनी स्वतः ताट घेतलं. स्वतः भात वाढला. या घरात पुरुषानं ताट वाढलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, तेही वेडंवाकडं, अर्धा भात पाटावर. तिला म्हणाले, बस. ती बसली. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी बाटली काढली, उलटी केली, मिठाचा खडा आणि ती काळी फोड तिच्या भातावर पडली.

गोपिकेला कळलं ते काय आहे. तिनं हात मागं घेतला. आता मात्र ती रडायला लागली होती. म्हणाली, “नको मामाजी. एवढीच आहे. ठेवून द्या.”

भाऊजी तिच्यासमोर जमिनीवरच बसले. “मुरलं आहे,” ते म्हणाले. “ठेवून पाहिलं मी. आत्ता खाय.”

तिनं फोड भातात कालवली आणि पहिला घास घेतला. मग दुसरा घेतला. भूक लागलेली होती पोरीला, तीन दिवसांची. भाऊजी समोरून हलले नाहीत, आणखी भात वाढत राहिले. बाहेर रिक्षावाला घंटी वाजवून वाजवून थकला, ताराचंद दारातून दोनदा डोकावून गेला. शेवटी मीच पदरानं डोळे पुसत बाहेर गेले आणि रिक्षावाल्यावर ओरडले की पोरगी जेवून राहिली आहे, दिसत नाही का, थांब जरा.